नवी क्यू७ घेऊ का? आधी आईला शेवटच्या सीटवर बसवून बघ

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. गाडीबद्दल आहे, पण नुसती गाडीबद्दल नाही. ज्यांच्या दारात सात सीटची कुठलीही गाडी उभी आहे, मग ती सेकंडहँड झायलो असो की कोटीची ऑडी, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

मागच्या आठवड्यात शाळेतल्या एका मित्राचा फोन आला. वाळूजला त्याचं प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट आहे. वीस वर्षं रात्रपाळीला स्वतः मशीनवर उभा राहिलेला माणूस. आता कुठे चार पैसे हातात खेळायला लागलेत. म्हणाला,

"राव, ऑडीची नवीन क्यू७ बघून आलो. सात सीट आहेत. आई, नाना, आत्या आन् आम्ही चौघं. सगळं घर एका गाडीत. तू गाड्यांचं लिहीत असतोस ना, मग सांग, घेऊ का?"

मी म्हणालो, चार दिवस दे. हे त्याचं उत्तर. त्याला विचारूनच इथे टाकतोय, नाव तेवढं गाळलंय.

आधी एक गोष्ट. क्यू७ ही आपल्यासाठी परकी गाडी नाही. जालना रोडने विमानतळ ओलांडून पुढे गेलं की शेंद्रा एमआयडीसी लागते. २००१ साली स्कोडाचा कारखाना तिथे सुरू झाला, आणि त्याच फोक्सवॅगन समूहाची ऑडीही आज तिथेच जोडली जाते. सुटे भाग बाहेरून येतात, गाडी आपल्याकडे उभी राहते. म्हणजे मुंबई-दिल्लीच्या शोरूममध्ये ज्या क्यू७ समोर लोक सेल्फी काढतात, तिच्या नटबोल्टला आपल्याच कुठल्यातरी आयटीआयच्या पोराचा हात लागलेला असतो. मला याचा अभिमान आहे, लपवत नाही.

आणि महागड्या गाड्यांचं या शहराला कौतुक किती, हेही सगळ्यांना माहिती आहे. २०१० मध्ये आपल्याच शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज एका झटक्यात घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा होता. देशभरातल्या पेपरात बातमी झळकली. तेव्हा कौतुक झालं तशी टीकाही झाली. मर्सिडीजला स्वस्त कर्ज आणि शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला महाग, हा मुद्दा पी. साईनाथ यांनी तेव्हाच मांडला होता. तो वाद आज उकरत नाही. सांगायचं एवढंच, की मित्राने क्यू७ घ्यावी की नाही हा नैतिकतेचा प्रश्न मी करत नाहीये. त्याच्या कष्टाचा पैसा आहे. प्रश्न एवढाच, की ज्या कामासाठी तो गाडी घेतोय, ते काम ती करणार का?

आता गाडीकडे येऊ.

नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात जी "नवी" क्यू७ आली, ती पूर्ण नवी नाही. ती फेसलिफ्ट आहे. मूळ गाडी २०१५ ची. तिचा चेहरा एकदा बदलला, ती आपल्याकडे २०२२ मध्ये आली. आता दुसऱ्यांदा बदलला. काय काय बदललं? समोरची जाळी नवी, बंपर नवे, दिवे नवे, ऑडीच्या चार कड्या आता सपाट, अलॉयचं डिझाइन नवं, रंग नवे, स्क्रीनमध्ये थोडी सुधारणा. इंजिन तेच, ३ लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल, ३४० एचपी. फेसलिफ्ट म्हणजे तोंडाला रंगरंगोटी, हे त्या शब्दातच आहे, त्यामुळे कंपनीने फसवलं वगैरे काही नाही.

पण एक बघा. बदललेल्या गोष्टींची ती यादी पुन्हा वाचा. शेजाऱ्याला गेटवरून जे दिसतं ते बदललं. ड्रायव्हरला जे दिसतं ते थोडं बदललं. तिसऱ्या रांगेत बसणाऱ्या माणसासाठी काय बदललं? सांगण्यासारखं काही नाही. २०१५ ला जेवढी जागा होती, तेवढीच आहे.

तरीही गाडीचं जे चांगलं ते चांगलंच म्हणायला पाहिजे. शून्यावरून शंभरला ५.६ सेकंदात जाते, म्हणजे दोन टनांहून जड गाडीच्या मानाने भन्नाटच. चारही चाकांना ताकद मिळते. एअर सस्पेन्शन आहे, त्यामुळे रस्ता खराब असला तर गाडी उचलता येते आणि महामार्गावर ती खाली बसते. आठ एअरबॅग आहेत. आतली शांतता, सीटचा दर्जा, आवाजाची सिस्टीम, यात खोट काढायला जागा नाही. पाच माणसांसाठी, संभाजीनगर ते मुंबई किंवा नागपूर अशा प्रवासाला, या किमतीत जी चार-पाच नावं घेतली जातात त्यात हिचं नाव घ्यावंच लागेल. मर्सिडीजची जीएलई, बीएमडब्ल्यूची एक्स५ आपल्याकडे पाच सीटच्याच मिळतात. त्यामुळे सात सीट पाहिजेत म्हटलं की ग्राहक आपोआप क्यू७ किंवा व्होल्वो एक्ससी९० कडे वळतो. माझा मित्रही तसाच वळला.

पैशांचं बघू. नोव्हेंबर २०२४ ला सुरुवातीची किंमत ८८ लाख ६६ हजार होती, एक्स-शोरूम. नंतर ती ९२ लाखांच्या पुढे गेली. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला. आधी २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस, असे ५० टक्के होते. ते एकदम ४० टक्के झाले आणि किंमत ८६ लाखांच्या आसपास आली. त्या ८६ मध्ये साधारण साडेचोवीस लाख जीएसटीचे आहेत. वर आपल्या राज्यात वैयक्तिक नावावरच्या २० लाखांवरील पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे आणखी अकरा लाख. कंपनीच्या नावावर घेतली तर टॅक्स २० टक्के, हे मित्रा, तुझ्या सीएला आधीच विचारून ठेव. विमा वगैरे धरून गाडी कोटीला भिडते. त्यातले पस्तीस-छत्तीस लाख सरकारचे. एवढे पैसे भरून खड्डे तेच, हे रडगाणं आज नको. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.

आकाराचं मात्र आजच सांगतो, कारण हा प्रश्न रोजचा आहे. गाडीची लांबी ५ मीटर ७ सेंटिमीटर. रुंदी आरसे सोडून जवळपास दोन मीटर. आपल्याकडे सोसायटीच्या नकाशात गाडीसाठी जी मोठी जागा धरतात ती अडीच मीटर बाय पाच मीटर. म्हणजे कागदावरच गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर आली. रुंदीतही दोन्ही बाजूंना मिळून अर्धा मीटर उरतो. तेवढ्यात नानांनी दार उघडून गुडघा वाकवून उतरायचं. जुन्या शहरात तर विचारूच नका. मकई गेटमध्ये समोरून नुसती रिक्षा आली तरी काय होतं ते रोज जाणाऱ्यांना माहिती आहे. हा गाडीचा दोष नाही, ती आपल्या गल्ल्या बघून बनवलेलीच नाही. पण रोज चालवायची आहे ती तुला, जर्मनीच्या इंजिनिअरला नाही.

आता मुख्य मुद्दा. तिसरी रांग.

मित्राच्या घरात सात माणसं. पुढे दोन, मधे तीन, मागे दोन. गणित जुळतं. पण मागचे दोन कोण? नाना गुडघ्यांमुळे पुढे बसणार. मित्र गाडी चालवणार. दोन्ही पोरं आता ताडमाड झालीत, एक सतरा वर्षांचा, दुसरी चौदाची. ती मागे बसली तर गुडघे हनुवटीला. मग वहिनी आणि दोन्ही पोरं मधे. राहिल्या कोण? काकू आणि आत्या. एक अडुसष्टची, एक बाहत्तरची.

मी फोनवर त्याला हेच विचारलं. तो म्हणाला, "आईला विचारलं ना. ती म्हनली, मला काय रे, मी कुठंबी बसते. मागं टाका."

हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या घरात बोललं गेलंय. मी कुठंही बसते. मला पोळी गार असली तरी चालते. मला खाली अंथरलं तरी चालतं. आपल्या आया-मावश्या-आत्यांनी आयुष्यभर हेच म्हटलं आणि आपण ते खरं मानलं, कारण आपल्याला ते सोयीचं होतं. कोटीची गाडी घेताना तरी ते खरं मानू नये, असं मला वाटतं.

या वर्गातल्या सगळ्याच गाड्यांत तिसऱ्या रांगेत जायचं म्हणजे काय करावं लागतं? मधली सीट पुढे पाडायची. उंच पायरीवर एक पाय ठेवायचा. कंबरेत वाकून, डोकं सांभाळून, अंग तिरकं करून आत शिरायचं. मग ढुंगण टेकवायचं ते जवळपास फरशीच्या पातळीला, गुडघे वर. नऊवारी असो की सहावारी, साडी नेसलेल्या बाईला हे करायला लावणं म्हणजे चारचौघांत तिची फजिती करणं. क्यू७ च्या मागच्या दोन सीट बटण दाबलं की विजेवर उभ्या राहतात आणि विजेवर आडव्या होतात, ही सोय चांगलीच आहे. पण बटणाने सीट उठते, माणूस नाही. गाड्यांची परीक्षणं करणारे बहुतेक जण हिच्या तिसऱ्या रांगेबद्दल एकच सांगतात, मुलांसाठी ठीक. मलाही तेच म्हणायचंय. शिवाय सातही सीट उभ्या केल्या की डिकीत लहानसहान पिशव्यांपुरतीच जागा उरते. सात माणसांचं देवदर्शनाचं सामान कुठे ठेवणार? काकूंच्या मांडीवर?

व्होल्वोचं एक मला आवडतं. त्यांनी एक्ससी९० च्या तिसऱ्या रांगेबद्दल सांगून टाकलंय, की ती १७० सेंटिमीटरपर्यंतच्या माणसासाठी आहे. म्हणजे पाच फूट सात इंच. त्याहून उंच असाल तर बसू नका, असं कंपनीच सांगते. अर्थात वर चढण्याचा त्रास तिथेही आहेच, आणि फेसलिफ्टनंतर मार्च २०२५ ला ती आली तीच एक कोटी तीन लाखांना. पण निदान आकडा तरी दिला.

इथपर्यंत गोष्ट त्रासाची होती. आता जी सांगतो ती जिवाची आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका नातेवाइकाच्या सात सीटच्या गाडीतून शिर्डीला निघालो होतो. गाडी कुठली ते सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच, आमचा होता. मोठी माणसं सात आणि लेकरं दोन. मागच्या सीटवर माझी मावशी, तिच्या दोन्ही बाजूंना दोन नातवंडं. बेल्ट? मागचे बेल्ट सीटच्या फटीत कुठेतरी गाडले गेलेले. काढायला कोण हात घालतंय. वैजापूरच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला. गाडी कशाला धडकली नाही, उलटली नाही, काही नाही. फक्त थांबली. आम्ही पुढचे सगळे बेल्टमध्ये. मागचं सहा वर्षांचं लेकरू उडून मधल्या सीटच्या मागच्या कडेवर आपटलं. भुवईवर सात टाके. मावशीचं मनगट मोडलं, कारण तिने दुसऱ्या नातवाला धरायला हात पुढे घातला होता. तिने एका अक्षराने कुणाला बोल लावला नाही. उलट म्हणाली, माझंच चुकलं, मी धरायला पाहिजे होतं दोघांना.

माणसाने माणसाला धरायचं आणि बेल्ट फटीत. सात एअरबॅग, आठ एअरबॅग, काय उपयोग?

हे फक्त आमच्याच घरचं असतं तर लिहिलं नसतं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. गाडी महाग होती, जर्मन होती. पुढे बसलेले दोघं जबर जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले दोघंही गेले, आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. देशातल्या मोठ्या उद्योगपतींपैकी एक माणूस, पैशाला काय कमी होती? त्या २०२२ या एकाच वर्षात देशात बेल्ट न लावल्यामुळे १६,७१५ माणसं मेली. हा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. त्यात चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. म्हणजे अर्धे स्टिअरिंगवर नव्हतेच.

आणि आता आपल्या उशाला समृद्धी आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून सलग. ताशी १२० ची मुभा. याच रस्त्यावर आपल्याच जिल्ह्यात, वैजापूरजवळ, ऑक्टोबर २०२३ मध्ये भाविकांची मिनी बस ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण गेले. ती एसयूव्ही नव्हती, तिचं कारण वेगळं होतं. पण १२० चा वेग म्हणजे काय, हे त्या दिवशी आपल्या सगळ्यांना कळलं. सात सीटची गाडी घेणारा प्रत्येक जण आज हाच विचार करतो, की समृद्धीने अमुक तासांत पोहोचू. मागच्या रांगेत कोण कसं बसलंय, हा विचार शेवटी.

कायदा काय म्हणतो? पुढे तोंड असलेल्या प्रत्येक सीटवर बेल्ट लावणं बंधनकारक आहे, मागच्याही. न लावल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर हजार रुपये दंड. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्टने किंवा मुलांच्या खास सीटने बांधलेलं नसेल तरी हजार. आता खरं सांगा, आपल्या शहरात तिसऱ्या रांगेतल्या माणसाचा बेल्ट बघून कुणी पावती फाडलेली तुम्ही कधी पाहिली? क्रांती चौकात पोलीस पुढच्या काचेतून बघतो. मागच्या काळ्या काचेआड कोण आहे ते दिसत नाही, आणि दिसलं तरी बघत नाही.

पोलिसाला तरी का बोलायचं? गाड्यांची परीक्षा घेणारेही मागे बघत नाहीत. भारत एनकॅप ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालं, चांगलं झालं. पण त्या चाचणीत पुतळे कुठे बसवतात? मोठ्या माणसांचे पुढे, लहान मुलांचे मधल्या रांगेत. तिसरी रांग रिकामी. युरोपची चाचणी घ्या, क्यू७ ला तिथे पाच तारे आहेत, पण तिसऱ्या रांगेत पुतळा तिथेही नसतो. अमेरिकेत आयआयएचएस नावाची संस्था आहे. तिने २०२२ मध्ये पहिल्यांदा समोरच्या टकरीच्या एका चाचणीत ड्रायव्हरच्या मागे छोट्या चणीचा पुतळा बसवला. नंतर मध्यम आकाराच्या १३ एसयूव्हींचे निकाल आले, त्यात फक्त ४ गाड्यांना "चांगली" हा शेरा मिळाला. ही गोष्ट दुसऱ्या रांगेची! जोपर्यंत कुणी बघत नव्हतं, तोपर्यंत कंपन्यांनी पुढची सीट मजबूत केली आणि मागच्या सीटकडे दुर्लक्ष केलं. तिसऱ्या रांगेत तर आजही कुणी बघत नाही. तिथे डोक्यामागे थोडी जागा आणि मग थेट मागची काच. मागून ट्रक आला तर मधे काय आहे?

म्हणून मला वाटतं, आपल्या सरकारने यात अमेरिका-युरोपची वाट बघू नये. तिकडे तिसऱ्या रांगेत कधीतरी लहान मुलं बसतात. आपल्याकडे लग्न, देवदर्शन, दशक्रिया, पोरीला सासरी सोडणं, सगळं त्याच रांगेत होतं. काळीपिवळीत आडव्या बाकावर बसून आपण मोठे झालो, त्यामुळे मागे कोंबून बसणं आपल्याला गैर वाटत नाही. ज्या देशात तिसरी रांग एवढी वापरली जाते, त्याच देशाने तिची चाचणी आधी सुरू करायला पाहिजे. सात सीटची गाडी म्हणून विकायची असेल तर सातव्या सीटवर पुतळा बसवा आणि धडकवा. तारे त्यानंतर द्या. आणि प्रत्येक कंपनीने व्होल्वोसारखं लिहून द्यावं, की ही सीट किती उंचीच्या, किती वजनाच्या माणसासाठी आहे. औषधाच्या बाटलीवर डोस लिहितात, मग सीटवर का नको?

आता मित्राला उत्तर.

भावा, तुला पाच माणसांची गाडी पाहिजे असेल आणि वर्षातून चार वेळा भाच्यांना मागे बसवायचं असेल, तर क्यू७ घे, डोळे झाकून घे. मुलं नवीन स्क्रीनवर खूश, तू इंजिनवर खूश, आणि शेंद्र्याच्या पोरांना काम. पण सात मोठी माणसं, त्यात तीन म्हातारी, हे जर खरोखर तुझं गणित असेल, तर ही ती गाडी नाही. ८६ लाखांत ती ते काम करणार नाही, आणि जी गाडी काम करेल ती स्वस्त आहे. किआची कार्निव्हल बघ. ऑक्टोबर २०२४ ला ६३ लाख ९० हजारांना आली, सरकते दरवाजे, मधून वाट, तिसऱ्या रांगेत मोठा माणूस नीट बसतो. लांबीला ती क्यू७ पेक्षाही थोडी जास्त आहे, तेव्हा पार्किंगचा प्रश्न तिथेही सुटत नाही, हे सांगून ठेवतो. नाहीतर सरळ इनोव्हा हायक्रॉस घे. क्यू७ च्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात येते. उरलेल्या पैशात नवीन मशीन बसव. गेटवर कड्या दिसणार नाहीत, हे खरं. काकूंचा गुडघा मात्र वाचेल.

तू म्हणशील, मला ऑडीच पाहिजे, लहानपणापासूनचं स्वप्न आहे. चालेल, मी कोण नाही म्हणणारा? मग एक कर. बुकिंगचे पैसे भरायच्या आधी टेस्ट ड्राइव्ह घे, पण स्टिअरिंग पोराकडे नाही तर शोरूमच्या माणसाकडे दे. काकूंना आणि आत्याला घेऊन जा. मागच्या सीटवर तू स्वतः बस, बेल्ट लावून. दौलताबादचा घाट चढून खुलदाबादपर्यंत जा आणि परत ये. मग त्याच सीटवर त्या दोघींना बसव, आणि त्यांना चढताना-उतरताना हात देऊ नकोस. फक्त बघ. शोरूमवाल्याला तीन प्रश्न विचार. बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत येतात का? मागचा बेल्ट लावला नाही तर पुढे सूचना येते का? मागे एसीची हवा वेगळी मिळते का? उत्तरं तोंडी घेऊ नकोस, पुस्तिकेत दाखवायला लाव.

काल परत त्याचा फोन आला. रविवारी जाणार म्हणतो, दोघींना घेऊन. काकू तयारच नव्हत्या म्हणे. "मला काय कळतं त्यातलं, तुमी बघा ना." मी त्याला म्हटलं, त्यांना सांग, गाडी तुमच्या पसंतीशिवाय घ्यायची नाही असं ठरलंय. त्यावर काकू थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग चष्मा घेऊन यावं लागंल." रविवारी काय होतं ते कळवतो.

तोपर्यंत तुम्हा सगळ्यांना एकच काम. आज रात्री जेवण झाल्यावर खाली जा आणि आपल्या गाडीच्या शेवटच्या सीटच्या फटीत हात घालून तिथले बेल्ट बाहेर काढा. बक्कल लागतंय का बघा. लागत नसेल तर उद्याच मेकॅनिककडे न्या. आमच्या गाडीत एका बक्कलमध्ये चिवड्यातला शेंगदाणा अडकला होता. किती वर्षांचा होता कुणास ठाऊक.

तुमच्या घरी मागच्या सीटवर कोण बसतं, ते नक्की लिहा. आणि पटलं असेल तर पोस्ट सात सीटवाल्यांपर्यंत पोहोचवा.